लांडग्याचा वाटा

हिंगोलीकडच्या गोरेगावपासून कोसभर वरच्या अंगाला जो माळ आहे, तिथं रखमाजीच्या घरची मेंढरं तीन पिढ्यांपासून चरत आली. माळ तसा नजरेत भरण्यासारखा नाही. कुसळी गवत, मधेमधे तरवडाची झुडपं, एका टोकाला मुरमाची सोडून दिलेली खदान. तलाठ्याच्या कागदावर त्याला पडीक म्हणतात. पण रखमाजीला विचारलं तर तो सगळी वस्ती सांगायचा. तितर कुठं अंडी घालतात, घोरपड कोणत्या दगडाखाली असते, रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप कोणत्या वाटेनं उतरतो आणि खदानीच्या कपारीत लांडग्याचं घर किती वर्षांपासून आहे.

‘घर’ हा त्याचाच शब्द. वर्षाकाठी चार-पाच कोकरं लांडगा न्यायचाच. रखमाजी काठी घेऊन मागं धावायचा, लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि दम लागून खाली बसला की म्हणायचा, “जाऊ द्या. त्येचा वाटा त्येनं नेला.”

सीमा सून होऊन आली तेव्हा तिला या बोलण्याचं हसू यायचं. ती बारावी शिकलेली, तीही सायन्सला. अन्नजाळ्याची आकृती तिनं परीक्षेत पट्टी लावून काढली होती. खाली गवत, त्यावर ससा, त्यावर लांडगा आणि मधून बाणच बाण. सर्वांत वरचा प्राणी नाहीसा झाला तर काय होईल, असा प्रश्न होता. तिनं चार ओळी लिहिल्या आणि चारपैकी चार गुण घेतले. पण ते झालं पेपरातलं. सासऱ्याचं बोलणं तिला अडाण्याची समजूत वाटायचं. आपलं कोकरू गेलं आणि म्हणे वाटा.

मागच्या साली दिवाळीत सीमाचं पोट सहाव्या महिन्यात रिकामं झालं. पहिलंच होतं. नवरा अंगद चांगला माणूस, पण त्याला अशा दुःखावर बोलता येत नव्हतं. तो फक्त तिच्या हातचं काम काढून घ्यायचा. सासू नव्हती. सीमा दिवसभर मेंढरांमागं फिरायची. त्या मेंढरांत तिची एक मेंढी होती, माहेरहून आंदण आलेली, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तिच्या पोटात दोन होती. सीमा येता-जाता तिच्या पोटाला हात लावून बघायची.

पौषात भर दुपारी लांडग्यानं नेमकी तीच धरली. सीमा ओरडत धावली, दगड मारले. लांडगा मेंढी टाकून पळाला, पण तोवर पोट फाटलं होतं. आतली दोन्ही पोरं बाहेर आली होती. अंगावर लोकर नसलेली, डोळे मिटलेली.

त्या संध्याकाळी सीमानं घरात मेंढी खड्ड्यात पुरली म्हणून सांगितलं. पुरली नव्हती. दिवस बुडताना तिनं ती खदानीच्या तोंडाशी ओढत नेली आणि कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली तिच्या पोटात रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी ती बघायला गेली. कपारीपुढं लांडगीण पडली होती. नर थोडा वर, चढावर. दोन बच्चे, वर्षाआतले, एकमेकांना लागून. जवळच दोन घारी पंख पसरून पडल्या होत्या. आणि या सगळ्यांच्या अलीकडं, पाण्याच्या डबक्याशी, काळ्या. घरचा राखणीचा कुत्रा. त्याला तिनं बांधून ठेवलं होतं. गळ्यात तुटलेली दोरी तशीच होती. तोंडाला फेस सुकला होता.

सीमानं लांडग्यांवर, घारींवर दगड आणि मुरूम ओढला. हात सोलून निघाले. काळ्याला तिनं उचलून घरी आणलं आणि साप चावला म्हणाली. रखमाजीनं त्याला बांधावर पुरलं, वर दगड ठेवला आणि दोन दिवस धड जेवला नाही.

त्यानंतर माळावर काय बदललं ते आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकही कोकरू गेलं नाही, तेव्हा सीमालाही बरंच वाटलं. मग चैतात खालच्या शेतकऱ्यांची बोंब सुरू झाली. रानडुकरिणीमागं आठ-आठ, दहा-दहा पिल्लं दिसायला लागली आणि ती सगळी जगायला लागली. त्यांनी भुईमूग उकरला, पावसाळ्यात सोयाबीन लोळवलं. रोही दिवसाढवळ्या तुरीत उभे राहायचे, हाकललं तरी मान वर करून बघायचे.

“लांडगं गेलं कुटं?” रखमाजी स्वतःशीच बोलायचा. “धा महिने झाले, लेंड दिसंना, पाय दिसंना.” तो डोळ्यांवर हात धरून खदानीकडं बघत बसायचा. सीमा पाण्याची घागर घेऊन त्याच्यामागून गुपचूप निघून जायची.

आणि मग कुत्री वर चढली.

माळाच्या खालच्या अंगाला तांडा आहे. तिथल्या धर्मसिंगनं दोन वर्षांपूर्वी कोंबड्यांचे दोन लांबच लांब शेड उभे केले होते. मेलेली कोंबडी तो नाल्यात टाकायचा. नाल्यात कुत्री जमली, खाऊन माजली, तिथंच व्याली. पण इतके दिवस ती नाल्यातच राहिली होती. माळावर चढायची त्यांची छाती नव्हती. का नव्हती, हे रखमाजीला ठाऊक होतं. “लांडगा हाय तवर कुत्रं वर येत न्हाई,” असं तो कधीतरी म्हणालाही होता. आता वर अडवणारं कुणी नव्हतं. यंदाच्या माघात दोन आली, मग पाच. होळीपर्यंत चौदा-पंधरा कुत्र्यांचा जथा माळावर उघड फिरायला लागला.

होळीनंतरच्या आठवड्यात अंगद मेंढरांची लस आणायला हिंगोलीला गेला होता. रखमाजी घरी होता. सीमा एकटीच बासष्ट मेंढरं घेऊन खदानीच्या वरच्या अंगाला होती. सकाळचे दहा वाजले असतील. मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि सगळी एका बाजूला दाटली.

कुत्री तीन बाजूंनी आली. लांडगा येतो तो लपत, एक धरतो आणि नेतो. यांनी धरलं ते सोडलं, दुसरं धरलं, तेही सोडलं. मेंढरं खदानीच्या कडेकडं पळाली, काही खाली कोसळली. सीमा काठी फिरवत कळपाच्या मधे घुसली. “हाऽड! हाऽड!” एका पिवळ्या कुत्र्याच्या तोंडात कोकरू होतं, तिनं त्याच्या पाठीत काठी घातली. काठी मोडली. ते वळलं आणि तिच्या हाताला कोपराखाली झोंबलं. तिनं दुसऱ्या हातानं दगड उचलून त्याच्या डोक्यात मारला तेव्हा कुठं दात सुटले.

सगळं पाव तासात आटोपलं. कुत्री गेली, तीही सावकाश, जीभ बाहेर काढून. त्यांची पोटं आधीच भरलेली होती. माळावर एकोणीस मेंढरं पडली होती. त्यांतली सात अजून पाय झाडत होती. खाल्लेलं असं एकही नव्हतं.

अंगद परत आला तो लसीच्या डब्यासकट धावत वर आला. त्यानं सीमाचा हात बघितला, तिला गोरेगावात आणून काळीपिवळी जीपमध्ये बसवलं आणि पुन्हा हिंगोलीला नेलं. सरकारी दवाखान्यात जखम धुतली, जखमेभोवती सुया टोचल्या, पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, “उद्या बघतो एकेकाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन आला. तीच, लाल झाकणाची, कपाशीवरची. रखमाजी ओसरीला बसला होता. सीमा चुलीपुढं होती.

“मेलेली मेंढरं तशीच ठिवलीत,” अंगद म्हणाला. “दोन-तीनात घालतो. एकबी कुत्रं उरू देत न्हाई.”

“नका घालू,” सीमा म्हणाली.

“काहून?”

“नका घालू म्हणते ना.”

“अगं, तुझा हात फाडला त्येनी! एकोणीस जनावरं गेली! अन् तू कुत्र्यायची बाजू घेऊन राहिली?”

सीमा उठून ओसरीवर आली. पट्टी बांधलेला हात तिनं छातीशी धरला होता. तिला वाटलं, आता बोलले नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही.

“मी घातलं होतं,” ती म्हणाली. “पौषात. माझ्या मेंढीच्या पोटात. लांडगं कुटंच गेलं न्हाईत. खदानीत हायत. चारी. मीच दगडं टाकली त्येंच्यावर.”

अंगदच्या हातातली बाटली तशीच राहिली. रखमाजीनं मान वर केली. मग त्यानं एकच विचारलं.

“काळ्या?”

सीमानं मान खाली घातली.

“काळ्याला साप न्हाई चावला?”

“न्हाई, मामा.”

म्हातारा उठला. काठी घेतली, चपला घालायची विसरला, आणि माळाच्या वाटेला लागला. सीमा त्याच्या मागं जायला निघाली, तर अंगदनं तिला दंडाला धरून थांबवलं.

“मला तरी सांगायचं,” तो म्हणाला. “येवढं वरीस झालं.”

“काय सांगू? तुमी बोलत नव्हतात. मीबी बोलत नव्हते.”

अंगद खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा बाटलीकडं बघितलं. “बरं, लांडग्याचं समजलं. लांडगं व्हतं म्हणून कुत्रं नव्हतं. पण कुत्रं मारायला काहून नको? त्येचं काय चांगलं हाय?”

“ही मेली तर दुसरी येत्याल,” सीमा म्हणाली. “गोरेगावची येत्याल, तांड्याची येत्याल. खायला पडलंय ना नाल्यात. जितकं अन्न तितकी तोंडं. अन् आधी मरतील घारी, मुंगसं, अजून कुणाचं कुणाचं राखणीचं कुत्रं. मी बघितलंय ते. मला पुन्हा बघवणार न्हाई.”

तिनं त्याच्या हातातून बाटली घेतली. त्यानं दिली. तिनं ती गोठ्यामागं खोल खड्डा करून पुरली, आणि डाव्या हातानं कुदळ मारताना तिला पहिल्यांदा रडू आलं.

धर्मसिंगकडं ती दुसऱ्या दिवशी गेली. अंगद सोबत आला, पण लांब उभा राहिला. धर्मसिंग शेडच्या दाराशी मेलेली कोंबडी पोत्यात भरत होता. पन्नाशीचा माणूस, घामानं निथळत होता. शेडमधून गरम वाफ येत होती.

“ताई, मला ठावं हाय तुमी काहून आल्या,” तो म्हणाला. “मला सगळं ठावं हाय. पण ऊन असं पडलंय, रोज चाळीस-पन्नास मरून राहिल्यात. गडी वासानं टिकत न्हाईत. म्या अन् घरची सोजराबाई, दोगंच. पाणी दावावं का खड्डं खांदावं?”

“खड्डा तुमी खांदून द्या. पुरायचं मी बघते.”

“तुमी?”

“मीच. रोज सकाळी.”

धर्मसिंगनं तिच्या हाताच्या पट्टीकडं बघितलं. “ह्या हातानं?”

“दुसरा हाय की.”

त्यानं त्याच दिवशी जेसीबी बोलावून नाल्याच्या वर, कडक जमिनीत, लांब चर मारून दिला आणि चुन्याची पोती आणून टाकली. सीमा रोज दिवस उगवायला तिथं जायची. पोती रिकामी करायची, चुना पसरायची, वर हातभर माती ओढायची. वास केसात बसायचा. भाकरीला हात लावावासा वाटायचा नाही. रखमाजी तिच्या हातचं जेवायचा, पण तिच्याशी बोलायचा नाही. ताट संपलं की ते सरकवायचा, बस.

तिला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांत कुत्री पांगतील. झालं उलटंच. नाल्यातलं बंद झालं तशी ती भुकेली झाली, आणि भुकेली कुत्री घराकडं वळली. दहाव्या दिवशी सकाळीच ती मेंढवाड्याच्या जाळीवर चढली. अंगद पाण्याला गेला होता, सीमा चरावर होती. वाड्याजवळ एकटा रखमाजी. सत्तरीचा म्हातारा काठी घेऊन जाळीच्या आत उभा राहिला आणि कुत्री त्याच्या डोळ्यांदेखत अकरा मेंढरं फाडून गेली. या खेपेला त्यांनी खाल्लीही. दोन तर हाडापर्यंत.

सीमा पोहोचली तेव्हा म्हातारा खाली बसला होता. धोतर रक्तानं भरलं होतं, पण ते मेंढरांचं होतं. अंगद आला, त्यानं आजूबाजूला बघितलं आणि तिच्यावर फिरला.

“हे तुझ्यानं झालं! तवाबी तुझ्यानं, आताबी तुझ्यानं! खात व्हती तितं खाऊ द्यायची! कुणी सांगितलं व्हतं पुरायला?”

सीमाला स्वतःलाही तेच वाटत होतं. तिनं एक ओढलं की दुसरं सुटत होतं, आणि सुटलेलं धरायला जावं तर तिसरं. पेपरातल्या आकृतीत नुसते बाण होते. त्या बाणांवर कुणाचा जीव टांगलेला असेल, हे तिथं कुणी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तिची पावलं चराकडं वळेनात. तरी ती गेली. पोती उतरवली. मातीचा ढीग चढून वर बघते तर समोर कुत्री बसलेली. नऊ. बरगड्या दिसत होत्या. एका कुत्रीची थानं लोंबत होती, तिच्यामागं तीन पिल्लं. ती भुंकत नव्हती. नुसती बघत होती.

सीमाच्या हातात दोन मेलेली कोंबडी होती. फेकावी, असं तिच्या मनात आलं. आजच्या दिवस फेकावी. पोट भरेल, आज वाड्याकडं जाणार नाहीत, बत्तीस मेंढरं उरलीत ती आजच्या दिवस राहतील. फक्त आजच्या दिवस. हात मागं गेलाही. त्या कुत्रीनं एक पाऊल पुढं टाकलं. सीमाला तिच्या डोळ्यांत काही राग दिसला नाही. भूक दिसली. पोरांसाठीची भूक, आणि ती सीमाला ओळखू आली.

“नको गं बाई,” ती मोठ्यानं म्हणाली, कुत्रीला की स्वतःला, तिलाच कळलं नाही. “माझ्या मागं नको लागू. इतं काय न्हाई तुझ्यासाटी.”

तिनं कोंबडी चरात टाकली आणि फावडं उचललं. चुना, माती, चुना, माती. ती मागं वळून बघत नव्हती. शेवटची पाटी पडली तेव्हा ती मातीवर पालथी झाली आणि हुंदके देऊन रडली. डोकं वर केलं तेव्हा कुत्री खाली उतरून गेली होती.

वैशाखात कुत्री कमी होत गेली. दोन हमरस्त्यावर गाडीखाली सापडली. काही गोरेगावच्या बाजाराकडं गेली, काही नुसतीच वाळून मेली. सीमाला त्यांची मढी नाल्यात दिसायची आणि ती तीही पुरायची. तिच्या हाताची शेवटची सुई झाली. कुत्रीची तीन पिल्लं होती त्यातलं एक उरलं, ते तांड्यातल्या कुणीतरी उचलून नेलं. जेठ लागला तेव्हा माळावर चार कुत्री राहिली होती, आणि ती माणूस बघून दूर व्हायची.

पण मेंढरं राखायला माळ आता पहिल्यासारखा नव्हता. अंगदनं उरलेली बत्तीस आपल्या चुलतभावाच्या कळपात मिळवली आणि वाशीमच्या बाजूला निघाला. जाताना त्यानं सीमाला ये म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. जाळी खांद्यावर टाकून तो उंबऱ्यापाशी थांबला.

“मी बोललो ते,” तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सापडलं नाही.

“खरं व्हतं ते,” सीमा म्हणाली. “जा तुमी. मामाकडं मी बघते.”

खाली डुकरांनी हळदीचं बेणं उकरायला सुरुवात केली होती. शेतकरी रात्रंदिवस डबे वाजवत. लांडगा कुठं दिसला का, असं रखमाजी येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढक्यांना विचारायचा. कुणी म्हणायचं, पुसेगावच्या बाजूला एक दिसला होता. कुणी म्हणायचं, ते कोल्हं असेल. खदानीत कुणी आलं नाही.

एका सकाळी सीमा चरावर काम करत होती. मागं काठीचा आवाज आला. रखमाजी ढिगाऱ्याशी उभा होता. इतक्या लांब तो कित्येक दिवसांत चालला नव्हता. तो चराच्या कडेला आला, आत वाकून बघितलं, पायानं माती चाचपली. सीमा फावडं धरून थांबली. तिला वाटलं, आता तो बोलेल. लांडग्यांचं, काळ्याचं, सगळ्याचं बोलेल. बोलला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं.

“माती कमी पडून राहिली,” तो म्हणाला. “कुत्रं उकरल. अजून हातभर टाक.”

एवढं म्हणून तो खाली बसला, आणि सीमानं फावडं पुन्हा मातीत घातलं.